उमरेडच्या अलीकडे

गडचिरोलीच्या अभ्यासिकेत आम्ही सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. यूपीएससीची पूर्वपरीक्षा त्यांनी पाच वेळा दिली होती. नव्या पोरांना भारतातल्या नद्या शिकवताना ते नकाशात आधी वैनगंगा काढायचे, मग गंगा. दर वाक्यानंतर विचारायचे, "समजून राह्यलं ना?" आणि समोरच्याला समजलं नसलं, तर स्वतःच ओशाळायचे.

मीही परीक्षेला बसलो त्या वर्षी वयाच्या अटीमुळे त्यांची ती शेवटची संधी होती. नागपूरच्या केंद्रावर जायला आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने निघालो. उमरेडच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुसरी एसटी काही येईना. शेवटी एक मोटारसायकलवाला थांबला, पण त्याच्या मागे एकाचीच जागा होती.

"तू बस," भाऊ म्हणाले. "मले दुसरी गाडी भेटते."

"अन् तुमी?"

"अरे, बस ना! गेट बंद होऊन जाईन."

मी बसलो. भाऊ केंद्रावर पोचले तेव्हा गेट बंद झालं होतं.

मी पूर्वपरीक्षा पास झालो, तेव्हा अभ्यासिकेत पेढे त्यांनीच वाटले. मुख्य परीक्षेत मी नापास झालो. आता तहसील कार्यालयात नोकरी करतो. त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं, तर सांगतो की त्यांनीच मला बसवलं. ते खोटं नाही. पण मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, माझ्या अजून बऱ्याच संधी बाकी होत्या, आणि गाडीवर बसताना हे मला पक्कं माहीत होतं.