मुका मार

शटर वर गेलं आणि आतला अंधार दोन पावलं मागे सरला. मधोमध एकच उजेडाचं वर्तुळ. त्यात जड लोखंडी मेज, मेजावर लेझरचं यंत्र, आरसे, भिंगं आणि पकडीत उभी धरलेली बशीएवढी काच. रंगीत चष्मा सावरत ती आली आणि स्टुलावर बसली.

कारखान्यात तिला सगळे काचफोडी म्हणत. पगार घेऊन काचा बिघडवणारी बाई! घरी कप फुटला की सासूबाई विचारायच्या, "आज काम घरी आणलंस वाटतं?" ती हसून केरसुणी घ्यायची.

एरवी काचेला उजेडाचं भय नसतं. तो येतो आणि आरपार निघून जातो. पण या लेझरचा उजेड पापणी लवणंही युग वाटावं इतक्या लहान क्षणात, सुईच्या टोकापेक्षा बारीक जागेत कोंबलेला असतो. काचेला तो पुढे सोडता येत नाही. ती तो गिळते आणि तिथे पोळते. किती जोरावर डाग पडतो, हे पाहणं तिचं काम. एक फटका मारायचा, काच सरकवायची, कोऱ्या जागी पुढचा. एका जागी दुसरा फटका नाही. कारण डाग दिसला नाही तरी पहिल्या फटक्याने काच आतून दुखावलेली असते, मग हलक्या फटक्यानेही बिघडते. कारखान्यात याला म्हणत मुका मार.

"ताई, काय म्हणते गं काच?" दारातून धाकट्या भावाने विचारलं. काचांवर पातळ लेप चढवायचं काम त्याचं. आज पकडीतल्या काचेवरचा लेप नवा, त्याने स्वतः जमवलेला. मालकांनी बजावलं होतं: हा नापास झाला तर लेपाची खोली बंद, लेप बाहेरून करून घेऊ.

"विचित्रच बोलतेय," ती म्हणाली. "इथे हलक्या फटक्याने डाग, आणि शेजारी जोराचा मारला तरी कोरी. लेप कच्चा असता तर सगळीकडे कच्चा निघाला असता."

भाऊ चपलेने फरशी घासू लागला. ती खूण तिला लहानपणापासून माहीत होती.

"हात लावलास यंत्राला?"

"काल तू गेल्यावर. राहवलं नाही गं. थोडेसेच फटके. डाग एकही नव्हता, आईशप्पथ!"

"कुठे कुठे मारलेस?"

"जमेल तसे."

"वा! अंगण शिंपल्यासारखे?"

आता कोरी जागा कोणती, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. भाऊ जवळ आला. "लेप कच्चा निघाला म्हण ना. यंत्राला हात लावला कळलं तर मला आजच घरी बसवतील."

"आणि लेप कच्चा म्हटलं तर?"

"खोली जाईल. पण मला दुसरीकडे कुठेतरी लावतील."

बाहेर मालकांची पावलं वाजली. त्यांनी आत डोकावून विचारलं, "काय बाई, पास की नापास?"

तिने चष्मा काढला, पदराने पुसला.

"लेपाचं आज सांगता येत नाही, साहेब. ही काच आधीच मार खाऊन आलीय, आणि मारणारा हा इथे उभा आहे. त्याला काय बोलायचं ते बोला, पण नवी काच द्या आणि लेप त्याच्याच हातचा द्या."