उजव्या कुशीचा चोर

विलोंजा आमच्या टांगानिका किनाऱ्यावरचा सर्वात जुना भांडखोर. वारा, पाद्री, स्वतःची होडी, सगळ्यांशी त्याचं वाजलेलं. सरोवराशी तेवढं नाही, कारण ते उलट बोलत नाही.

एके सकाळी पन्नास वाव, म्हणजे तीनशे फूट, खोल सोडलेलं जाळं त्याने बहिणीच्या नवऱ्याच्या, असुकुलूच्या मदतीने ओढलं. पाच मासे निघाले. पाचांच्याही उजव्या कुशीवरची खवलं उपटलेली! डावी कूस मात्र शाबूत. विलोंजाचं डोकं चाललं: उजव्या हाताने डोकं धरून डाव्याने सोललं, की माशाची उजवीच कूस समोर येते; म्हणजे हे डाव्या हाताचं काम. आणि किनाऱ्यावर डावखुरा एकच, असुकुलू.

"दाजी, रात्री जाळं उपसलंत, मासे सोलायला घेतलेत, चाहूल लागली तशी परत अडकवलेत!"

"दादा, तेवढी हिंमत असती तर तुमच्या बहिणीला घाबरलो असतो का?"

लोक हसले, विलोंजा नाही. आमच्यात जाळ्यातले मासे चोरणाऱ्याचं वल्हं सगळ्यांदेखत मोडतात. मग त्याला कुणी होडीत घेत नाही. विलोंजा घरून कुऱ्हाड घेऊन आला. असुकुलूचं वल्हं वाळूवर आडवं पडलं.

तेवढ्यात असुकुलूची बायको आंजेलानी जाळं झटकू लागली. वीतभर लांबीचा एक मळकट चंदेरी मासा खाली पडला. असले मासे आम्ही फेकूनच देतो. तिने मात्र तो उचलून नीट पाहिला. तोंड डावीकडे वाकडं, वेडावल्यासारखं. सुरीने पोट फाडलं, तर आत नुसती खवलं, भाकऱ्यांसारखी एकावर एक रचलेली.

"हा घे तुझा डावखुरा, दादा! मागून येतो, उजवी कूस ओरबाडतो नि पळतो. उजवीकडे वाकडा असतो तो डावी ओरबाडतो. आता याचं वल्हं शोध आणि मोड!"

विलोंजाने मासा उलटासुलटा केला. माफी वगैरे त्याच्या घराण्यात नाही.

"याला शिकवलं कुणी, ते विचार तुझ्या नवऱ्याला."

असुकुलूने वल्हं उचललं, वाळू झटकली. "उद्यापासून जाळं तुमचं तुम्ही ओढा."

तेव्हापासून म्हातारा पन्नास वाव दोर एकटाच ओढतो, दर वावेला एक शिवी. परवा एका माशाची डावी कूस सोललेली निघाली. आता तो किनाऱ्यावरच्या आम्हा सगळ्या उजव्या हातवाल्यांकडे डोळे बारीक करून बघतो.