मारुतीला भूपेंद्रचे पाय

लोटन पेंटर माणसं पायांवरून ओळखतो. तेविसाव्या वर्षी त्याच्या कण्याला संधिवात जडला आणि मणके एकमेकांना चिकटत गेले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, "कणा बांबूसारखा झालाय." लोटन म्हणाला, "चला, परांचीला बांबू शोधायला नको."

आता तो बावन्नचा आहे. मान छातीकडे झुकलेली. ती वर होत नाही आणि वळतही नाही. भडगावच्या बाजारात मागून कोणी हाक मारली तर तो अख्खा वळतो, अरुंद गल्लीत ट्रक वळवावा तसा. सकाळी अंग मोकळं व्हायला दीड तास लागतो. बायको, बेबाबाई, त्याला कुशीवर वळवून पाठ शेकते आणि शेकता शेकता शेजारपाजारच्या भानगडी सांगते. शेकण्याने बरं वाटतं की भानगडींनी, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या चैत्रात आमच्या गावाने त्याला बोलावलं. मारुतीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर पंधरा फुटी मारुती हवा होता.

सरपंच रुपचंद नाना म्हणाले, "लोटनभाऊ, भिंत उंच शे. तुले जमी का?"

"भिंतले जमी ते माले जमी," लोटन म्हणाला. "फक्त उलटणारी ट्रॉली लागी."

इथेच पंचाईत झाली. तशी ट्रॉली गावात एकच, मोटार रिवाइंडिंगवाल्या भूपेंद्रची. हा भूपेंद्र निवडणुकीत नानांकडून चार मतांनी पडलेला. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. शेवटी मारुतीसाठी म्हणून भूपेंद्र ट्रॅक्टर घेऊन आला, पण नानांकडे पाठ करूनच उभा राहिला.

लोटनची युक्ती साधी होती. ट्रॉलीत गादी टाकायची, पायाशी आडवी फळी ठोकायची, त्याने उताणं निजायचं आणि भूपेंद्रने जॅक लावून ट्रॉली उचलायची. मान पुढे झुकलेली आणि ट्रॉली मागे कललेली, त्यामुळे नजर बरोबर भिंतीवर. हातात लांब काठीला बांधलेला ब्रश. "दोन बोटं वर! आते थांब!" असं ओरडत त्याने तीन दिवसांत मुकुट, चेहरा आणि गदा रंगवली. चौथ्या दिवशी भूपेंद्रला फोन आला, बोलण्याच्या नादात त्याचा हात लिव्हरला लागला आणि ट्रॉली हळूहळू खाली आली. ब्रश भिंतीला टेकलेलाच होता. कानापासून कमरेपर्यंत शेंदरी फराटा उमटला. लोटनने तो बराच वेळ न्याहाळला आणि त्याची शेपटी केली.

शेवटचे राहिले पाय. ज्या कॅलेंडरवरून तो काढत होता, त्यावर मारुतीच्या गुडघ्यांखाली तारखा होत्या. लोटन जमिनीवर पाटावर बसला. समोर ओट्यावर भूपेंद्र अनवाणी पाय सोडून बसला होता. लोटनने पाहून पाहून पाय काढले. इतके जिवंत पाय मी कुठल्या देवाला पाहिले नाहीत.

हनुमान जयंतीला सगळं गाव त्या पायांवर डोकं टेकवून गेलं. मीही. नानांनी तर साष्टांग नमस्कार घातला. मग भूपेंद्रची आई, भागाबाई, तेल वाहायला वाकली आणि तशीच थांबली. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"ओ माय! ह्या ते मना भूपेंद्रना पाय शेतस!"

सगळे नानांकडे वळले. नानांच्या कपाळाला अजून तिथला शेंदूर होता.

दुपारी नानांनी लोटनला बोलावून घेतलं. "ह्या पाय कोना शेतस?"

"मारुतीना."

"त्याना पहिले कोना व्हतात?"

"नाना, तीस वरीस व्हयनात, मी मानसंनं तोंड नीट देखेल नही. पायच देखस. गावमा ह्याच पाय माले भक्कम दिसनात."

"बदल."

"मंग दुसरा दखाडा."

दुसऱ्या दिवशी बाराजण पाय धुऊन, नखं कापून ओट्यावर ओळीने बसले. त्यात नानाही होते. लोटन पाट सरकवत एकेकाचे पाय तपासत गेला. एकाचे चपलेने चपटे झालेले, एकाचे बुटाने पांढरे पडलेले. नानांपाशी तो जरा जास्तच थांबला.

"नाना, तुम्हनी टाच खुर्चीनी शे," तो म्हणाला.

लोक इतके हसले की नानांनाही हसावं लागलं. तेवढ्यात भूपेंद्रच बोलला, "लोटनभाऊ, मनी करंगळी सरळ करी टाक. मायले सोडीसन कोनले कळाव नही."

लोटनने ब्रशच्या चार फटकाऱ्यांत करंगळी सरळ केली. वाद मिटला. नाना आता लांबूनच हात जोडतात आणि गुडघे दुखतात म्हणून सांगतात. भागाबाई मात्र तेल त्याच बोटावर वाहते.

त्यानंतर लोटनला पार पिंपळनेरपर्यंतची कामं आली. पण थंडीत दुखणं खुब्यात उतरलं आणि डॉक्टरांनी त्याला तीन महिने खाटेवर निजवलं. पहिल्याच आठवड्यात तो इतका चिडचिडा झाला की बेबाबाईनेच रंग काढून दिले आणि म्हणाली, "मनंच चित्र काढ. तोंडसकट."

निजलेल्या माणसावर वाकून ती चार दिवस बसली. एवढा वेळ तिचा चेहरा असा समोर त्याला तीस वर्षांत मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी निरखून तो म्हणाला, "तू ते म्हातारी व्हयनी व!"

त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. चित्र मात्र पुरं झालं. ते आता दाराशेजारी टांगलेलं आहे. त्यात बेबाबाई म्हातारीच दिसते, डोळे वटारलेली, आणि ओठांच्या कडेला हसू दाबलेलं. आल्यागेल्याला ती ते स्वतः दाखवते आणि सांगते, "रंग जरा काळा पडना, नही ते बाकी बठ्ठं बरोबर शे."