वाळू की तारे

दुपारचं जेवण अंगावर आलंय. जेवणाच्या टेबलावरच, लॅपटॉपशेजारी, मी डोकं टेकते. पीएचडीसाठी दोन जागा मिळाल्यात आणि होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचाय. एक जर्मनीत. ताऱ्यांचे स्फोट, अवाढव्य महासंगणक, आणि बाबांनी अख्ख्या सांगलीला सांगून टाकलेली. दुसरी चेन्नईत. दरड कोसळताना वाळू-माती कशी वाहते, ते संगणकावर मांडायचं. निवड करायलाही मी एक प्रोग्रामच लिहिलाय. आमच्या जमातीला दुसरं काही सुचतच नाही.

डोळे मिटतात, तर समोर टिळेकर मॅडम चपाती वाढून घेतायत.

एम.एस्सी.ला त्या माझ्या गाइड होत्या. गेल्या दिवाळीत वारल्या. हे मला स्वप्नातही ठाऊक आहे, तरी मी विचारते, "मॅडम, भाजी देऊ?"

"आधी प्रोग्राम दाखव."

टेबल आता कॉलेजच्या लॅबमधलं आहे. पंखा तोच, कुरकुरणारा. मॅडम चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावतात.

"पैसे, नाव, विषय, घरापासूनचं अंतर... कशाला किती गुण द्यायचे, ते तूच ठरवलंस?"

"हो."

"मग उत्तर काय आलं?"

"आधी जर्मनी. मग मी आकडे थोडे बदलले."

"किती वेळा?"

मी खाली बघते. पायाला वाळू लागते. लॅबची फरशी संपून कृष्णाकाठ सुरू झालाय. मॅडम पदर खोचून खाली बसतात आणि मुठीतून वाळू सोडतात. ढीग वाढतो, कलतो, घसरतो. आम्ही दोघी खुळ्यासारख्या बघत राहतो.

"चेन्नई येईपर्यंत," मी सांगून टाकते. "लॅबमध्ये असं केलं असतं, तर तुम्ही मला फाडून खाल्लं असतंत."

"खाल्लंच असतं. आकडे फिरवले म्हणून वाळू आपलं ऐकत नाही. पण हा प्रश्न तुझ्या मनाचा आहे, ऋजुता. तू आकडे कुठल्या बाजूला ओढत होतीस, तेच त्याचं उत्तर."

"आणि चुकलं तर?"

"तर चूक शोधायची. पीएचडीत पाच वर्षं दुसरं काय करतात?"

मला हसू फुटतं. किती दिवसांनी हा आवाज ऐकतेय! "मॅडम, तुमची फार आठवण येते हो," मी म्हणते.

कुणाचा प्रोग्राम पहिल्यांदा नीट चालला, की त्या त्याला सुकवलेला आवळा द्यायच्या. तसा एक माझ्या तळहातावर ठेवतात.

"हा कशाबद्दल? माझा कुठे चालला?"

"चालला की."

मी तो तोंडात टाकते. आंबट, खारट, तुरट.

"ऋजुता, उठतेस ना? काय ठरलं गं?" आई स्वयंपाकघरातून विचारतेय.

"चेन्नई," मी डोळे चोळत म्हणते. "बाबांना मी सांगते."

घसा कोरडा पडलाय. मी तांब्यातलं पाणी पिते. गोड लागतं.

"आई, घरात आवळा आहे का गं?"

"आवळा? आपल्याकडे कोण खातं?"

मी आणखी एक घोट घेते. तोही गोड.