किसनचा वहम

किसनचा मी अपराधी आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षीच्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दुपारी, साऱ्या वस्तीसमोर मी त्याला वहमी ठरवलं. त्यामागचं खरं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — पत्रकात तर नाहीच. पत्रकात मी फक्त दुसऱ्यांचे गुन्हे लिहितो.

किसन माझा जोडीदार. चळवळीची पत्रकं परभणीला छापून आणायची, गावोगाव वाटायची — दोघांनी मिळून. पिंगळीच्या पुढं आमची वस्ती. त्याच्या दारी पाटलाची शेळी वाट्यानं होती — सांभाळ किसनचा, करडं निम्मी निम्मी. ती गाभण असताना पाटलाचा गडी आला आणि सोडून घेऊन गेला. भांडण नाही, करडांचा शब्दही नाही.

"गाभण शेळी कुणी वापस नेतंय का?" दुसऱ्या दिवशी किसन म्हणाला. "आपल्या दारात काय होणार हाय, त्यांना म्हाईत हाय. सगळ्यांला घेऊन आजच्या गाडीनं परभणीला निघू."

मी काय केलं? हसलो.

"शेळीनं तार केली का रं तुला? ह्याला पॅरानोइया म्हणतेत, किसनराव! वहम! आधार नसलेला संशय!"

लोक खदखदा हसले. कॉलेजातल्या शब्दाचा लय दरारा आमच्यात. अन् दुसऱ्या दिवशी माझी सभा — रिकाम्या वस्तीत बोलणार कुणापुढं? किसन मान खाली घालून बसला. वस्तीतच थांबला.

त्या रात्री वस्ती पेटली. लकवा झालेली त्याची माय आतच राहिली.

'कुणालाच कल्पना नव्हती' — असं पत्रकात लिहिलं मी. स्वतःच्या हातानं.

आधार नव्हता? गडी शेळी नेत होता तेव्हा मी समोरच उभा होतो. मला कळलं होतं. कळलं नसतं तर — नाही, इथंच दर वेळी थांबतो मी. किसनला हसलो त्याच दिवशी सकाळी मी माझ्या मायला जिंतूरच्या एस.टी.त बसवून दिलं होतं. म्हणालो, ताईनं पंचमीला बोलावलंय. पंचमीला लेक माहेरी येते. माय कधी लेकीकडं जाते का? कुणीच विचारलं नाही.

आता कुणाच्या दारची शेळी हलली, की किसन घराघरांतून माणसं बाहेर बोलावतो. लोक म्हणतात, वहमी झालाय. मीही मान डोलावतो.

त्याला तो शब्द लावू नका. लावलात, तर आधी माझ्या दारी या आणि सगळ्यांसमोर मला विचारा — त्या दिवशी तुझी माय कुठं होती?