बक्षीस दिलेलं घर

अगं, तिकडे कोपऱ्यात काय बसलीस? सरक इकडे जवळ. आणि चहा निवला तुझा, किती वेळा सांगायचं! मागच्या खोलीत कुणी का झोपत नाही, असं विचारलंस ना? मग ऐक.

तेव्हा आम्ही कुवेतला, अबू हलीफात राहायचो. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाशिकचं हे घर जिवंतपणीच बक्षीसपत्रानं आमच्या ह्यांच्या नावे करून दिलं. कारण मृत्युकर. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेवर दिल्लीचं सरकार कर घ्यायचं, आणि पेठेतली ही जागा चांगलीच मोठी. वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. घर दिल्यावर दोन वर्षं तरी जगायला हवं, आणि दिलेल्या घरात पूर्वीसारखं राहायचं नाही. नाहीतर ते बक्षीस धरत नाहीत म्हणे. म्हणून मामंजी आमच्याकडे आले. जीव मात्र सगळा इथं. "घरी कधी जाता येईल?" एवढंच विचारायचे.

शुक्रवारी तिथं सुट्टी, तेव्हा मीना अब्दुल्ला बंदराच्या तेल रिफायनरीत कामाला असलेले शेजारी जेवायला असायचे. ते म्हणायचे, "कर हवाच! बापाची इस्टेट पोराला फुकट का मिळावी?" हे चिडायचे, "अहो, मेलेल्या माणसाकडून कसली वसुली?" त्यावर मामंजी म्हणायचे, "मी अजून जेवतोय रे."

दुपारी एसीच्या घरघरीत ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे. इतके निश्चल, की छाती हलतेय ना, ते बघावंसं वाटायचं. एकदा तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "मागच्या खोलीची खिडकी उघडी राहिली होती. लावून आलो." मला वाटलं, झोपेत बोलताहेत.

मग नणंदेचा ट्रंककॉल आला. ती इथं नाशिकात, या घराच्या शेजारीच राहायची, घरावर लक्ष ठेवायची. म्हणाली, "वहिनी, बाबा बरे आहेत ना? दुपारी मागच्या खोलीतून त्यांचा खोकला येतो गं. बघायला जावं तर कुणी नाही. पावसात खिडकी उघडी राहिली म्हणून धावत गेले, तर ती आतून लावलेली."

रात्री जेवताना मी ते सगळं सांगितलं. ह्यांनी मात्र हसण्यावारी नेलं. "बाबा, हे नियमात बसत नाही हं! त्या घरात वावरायचं नाही."

"अंगानं कुठं गेलोय?" मामंजी म्हणाले. ते हसत नव्हते.

दोन वर्षं भरायच्या आतच सरकारनं मृत्युकर उठवला. शेजारी हळहळले, हे खूश झाले, आणि मामंजी त्याच दिवशी बॅग काढून बसले. मीच त्यांना घेऊन आले. नणंदेनं कुलूप काढलं. मामंजी उंबऱ्याशी थांबले, रिकाम्या घरात बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आत येऊ का?"

आम्ही दोघी त्यांच्या मागे उभ्या. आत कुणीच नव्हतं. थोडं थांबून, कुणी हो म्हटल्यासारखी मान हलवून, ते आत गेले.

पुढं बरीच वर्षं जगले. पण झोपले ते पुढच्या खोलीतच. "मागं तो आहे, इथंच राहिलेला. घर त्यानं राखलं. मी तर देऊन मोकळा झालो," म्हणायचे. ज्या घराची एवढी ओढ होती, तिथं शेवटपर्यंत प्रत्येक दाराशी थांबून विचारत राहिले, "आत येऊ का?"

आता इथं मी एकटीच. दुपार फार लांबते बघ. तू लवकर ये परत. आणि विचारत उभी राहू नकोस हं, बाई. सरळ आत ये.