पाहुण्यांसाठी विझवलेली चूल

माझं लग्न ठरायचं होतं त्या वर्षी येडशीकडून एक जीप आमच्या गावात आली. तीत तीन साहेब होते: एक रक्ताचा, एक हवेचा, एक छातीचा. तिघांनी मिळून काम केलं तरच सरकार संशोधनाला पैसे देणार होतं म्हणे. म्हणून बिचारे एका जीपमध्ये बसत आणि उतरले की एकमेकांकडं बघतही नसत. माणसाला दम लागतो तो घराण्याच्या रक्तामुळं की हवेमुळं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. आमच्या स्वयंपाकघरात घटकाभर बसले असते तरी भागलं असतं.

आमच्या घरात दम लागायचा तो आईला आणि चुलतीला. आईचं माहेर तेर, चुलतीचं तुळजापूर; लग्नाआधी दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं. चूल मात्र एकच. वडील आणि काका ठणठणीत, कारण चुलीपाशी ते फक्त जेवायला येत.

ज्या घरात धूर जास्त निघेल तिथं संशोधनाच्या पैशांतून धुराडं बसवू, असं हवेच्या साहेबानं सांगितलं. आईनं त्या धुराड्याचा ध्यासच घेतला. साहेब धूर मोजायला यायच्या आदल्या दिवशी तिनं मुद्दाम ओल्या तुराट्या जळणाला काढून ठेवल्या.

सकाळी वडील कडाडले, "पाव्हणे येनार अन् घरात धूर? त्येंच्या डोळ्यात पानी आनायचंय का? इझवा ती चूल!"

चूल विझली, सारवली गेली. स्वयंपाक शेजारणीकडं झाला. हवेच्या साहेबानं धूर मोजायचं यंत्र लावलं. धुरानं काळा व्हायचा तो यंत्रातला कागद पांढराशुभ्र निघाला आणि वडिलांची मान ताठ झाली.

आई दाराआडून म्हणाली, "साहेब, रोज लई धूर असतो हो."

"बायकांचं काय घेऊन बसलाव साहेब, च्या घ्या," वडील हसले.

रक्ताच्या साहेबाचं तर फावलंच. हवा स्वच्छ आणि एका घरात दोन रोगी, म्हणजे आजार घराण्याचा, असं त्यानं लिहून टाकलं. दोघी परघरच्या सुना, हे विचारायला त्याला सवड नव्हती. धुराडं दुसऱ्या आळीत गेलं आणि आई त्याच चुलीपुढं धापा टाकत संपली. मला अजून राग येतो, साहेबांपेक्षा वडिलांचा जास्त.

सासरच्या चुलीलाही धुराडं नव्हतं. काही वर्षांनी मला दम लागायला लागला, तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून? कशानं?"

मी चुलीचं सांगणार, तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "डॉक्टर, हिच्या घराण्यातच हाय त्ये."